वैऱ्याच्या पाण्यावरची बाग

माझी शैलामावशी सूड घ्यायचा ठरवते तेव्हा आवाज चढवत नाही, रोपं विकत आणते. हे मी कौतुकाने सांगते आहे. लगेच माफ करून मोकळी होणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत.

जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांमागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने आणि अवधूतकाकांनी ते घेतलं. मागच्या खोलीच्या भिंतीला लागून जमिनीचा एक चिंचोळा पट्टा आहे. तिथे तिने गुलाब लावले होते. मग शेजारी हसनाबादचा धर्मराज राहायला आला. गावाकडे चांगली जमीन, इथे नवं बांधलेलं दोन मजली घर, बोअरला भरपूर पाणी. नाव धर्मराज, पण धर्माशी संबंध तेवढाच. त्याच्या घराने गुलाबांचं ऊन अडवलं, सकाळची एक तिरीप तेवढी उरली. वर त्याने छतावरच्या टाकीचा पाईप मावशीच्या वाफ्यावर सोडला. अख्खी गल्ली नळाच्या पाण्याची वाट बघत घागरी मांडून बसायची, आणि याची टाकी रोज भरून वाहायची.

गुलाब कुजले. त्याचं मावशीने फार मनाला लावून घेतलं नाही. पण ओल भिंतीत चढली, आणि भिंतीच्या आतल्या अंगाला काकांची खाट होती. काकांना दमा. रंगाचे पोपडे सुटले, बुरशी धरली, खोलीत शिरलं की कुबट वास यायचा. काका आडवे होऊ शकत नव्हते, उशांना टेकून बसल्या बसल्याच डोळा लागायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आधी भिंत कोरडी करा, नाहीतर माझ्या औषधांचा उपयोग नाही.

मावशी हात जोडून धर्मराजकडे गेली. मी सोबत होते. तो ओट्यावर दात कोरत बसला होता.

"म्हाताऱ्याला दमा आहे तर कोरड्या गावाला न्या की," तो म्हणाला. "माझा पाईप तिथंच राह्यणार."

मावशीने नगरपालिकेत तक्रार दिली. पुढे तिथला माणूस पाहणीला आला, तर त्या दिवशी धर्मराजने मोटारच लावली नाही. सगळं कोरडं ठणठणीत. माणूस आला तसा गेला.

त्याच सुमारास एक गोष्ट घडली. धर्मराजच्या दारातल्या कडुलिंबाखाली शिवकन्या नावाची बाई भाजी घेऊन बसायची. सावलीमुळे गिऱ्हाइकं थांबायची, तिचं बरं चाललं होतं. ते याला बघवलं नाही. याने फांद्या छाटून टाकल्या. ती बाई उठून गेली, आणि तेव्हापासून याची स्वतःची गाडी भर उन्हात तापते आहे. मावशी खिडकीतून तो बोडका लिंब बराच वेळ बघत होती.

"हा माणूस माझ्या भल्यासाठी बोटसुद्धा हलवणार नाही," ती म्हणाली. "पण माझं वाटोळं करायचं म्हटलं की खिशात हात घालेल."

"मग?"

"मग त्याच्या पाण्यावर माझं फार भलं चाललंय, असं त्याला दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही रोपवाटिकेत गेलो. तिथल्या गोजरबाईने विचारलं, जागा कशी आहे? मावशी म्हणाली, सतत ओली, अर्धी सावलीत. गोजरबाईने आधी झेंडू दाखवला.

"त्याला ऊन लागतं. आणि तो एका हंगामात संपणार. मला बारा महिने जाळणारं पाहिजे."

नेचे दाखवले. ते त्या जागेत छान आले असते, पण नेचा बघून कोणाचा जळफळाट होतो? वेखंडही ओलीत सुखाने राहतो, पण दुसऱ्या मजल्यावरून तो गवतासारखा दिसणार. मावशी प्रत्येक रोपासमोर उभी राहून मान वर करायची, जणू वर धर्मराजची खिडकीच आहे. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. भडक लाल फुलांची कर्दळ, लांबूनही दिसते म्हणून. सोनटक्का, कारण त्याचा वास बंद खिडकीतूनही आत जातो. आणि चमकोरा, ज्याला पुण्याकडे अळू म्हणतात, कारण वड्या गल्लीत वाटता येतात. तिन्ही कंदांवर जगणारी, चिखलात पाय रोवून वर्षानुवर्षं पसरणारी.

"घरच्यासाठीच ना, ताई?" गोजरबाईने विचारलं.

"शेजाऱ्यासाठी," मावशी म्हणाली.

पावसाळा संपेपर्यंत वाफा असा माजला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. चमकोऱ्याची पानं सुपाएवढी झाली. मावशी रोज सकाळी तिथे उभी राहून खणखणीत आवाजात सांगायची, "सगळी धर्मराजभाऊंची कृपा! मला नळाची वाटच बघावी लागत नाही." बायका वेणीसाठी सोनटक्का न्यायला येत. धर्मराजची बायको सोनूबाई पानं मागायला आली, तर मावशीने जुडीभर जास्तच दिली. वर सांगितलं, काकांची खाट हलवलीय, आता ओलीचा काही त्रास नाही. दोन्ही गोष्टी धडधडीत खोट्या होत्या. खाट हलवायला जागाच नव्हती.

धर्मराजने त्या वड्या मिटक्या मारत खाल्ल्या आणि मग पानं कुठली हे विचारलं. ताट सरकवून उठला म्हणे. दिवाळीनंतर आठवड्याच्या आत त्याच्या छतावर प्लंबर चढला. टाकीत पाणी आपोआप थांबवणारा बॉल बसवला, पाईप पलीकडच्या गटारीत वळवला. एक थेंब इकडे येईना.

हिवाळाभर भिंत सुकत गेली. मी हात लावून बघायचे. मार्चपर्यंत बुरशीची नुसती भुकटी उरली, आणि वाफ्यातलं सगळं पिवळं पडून लोळलं. मावशी पदर तोंडाला लावून तिथे बसायची. धर्मराज वरून बघायचा आणि हसायचा. ते हसणं मला सहन होत नव्हतं. जाऊन त्याला खरं काय ते तोंडावर सांगावं, असं रोज वाटायचं. "सांगितलंस तर तंगडी मोडीन," मावशी म्हणाली.

मग एका दुपारी तो कुंपणाच्या भिंतीशी आला. चेहरा पडलेला.

"वहिनी, लई वाईट वाटून राह्यलं बघा. रागाच्या भरात पाईप फिरवल्ता मी. तुम्ही रोज रडता, सोनूबाई मला बोलती. उद्याच्याला परत तुमच्या वाफ्यावर सोडून देतो. झाडं जगतील."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला दया आली होती, आणि ती नेमकी आत्ता. आत काका खाटेवर होते.

पदर खाली आला. मावशी उठली, आणि इतकी वर्षं न चढवलेला आवाज तिने चढवला.

"तुमचं पाणी? तुम्ही हात लावलेलं पाणी? माणूस तडफडत होता तेव्हा कोरड्या गावाला न्या म्हणालात, आणि आता झाडांचा कळवळा आला? मरू देत झाडं! मी मरताना तुमच्या घरचं पाणी कोणी तोंडात घालायला आणलं ना, तर मी दातखीळ बसवून घेईन, पण थेंब आत जाऊ देणार नाही!"

गल्लीतली दारं उघडली. धर्मराज आधी गोंधळला, मग लालबुंद झाला.

"चांगलं करायला आल्तो मी!"

"तुमची नियत दोन दिवस टिकत नाही. परवा उपकार म्हणून बोलून दाखवाल. हिंमत असेल तर घ्या शपथ, देणार नाही म्हणून!"

"घेतो की! पिंपळगावच्या रेणुकाईची शपथ, माझ्या घरचा एक थेंब तुमच्या हद्दीत पडणार न्हाई! बिलकुल न्हाई! माझी पोरं बी पडू देणार न्हाईत!"

रेणुकाई त्यांचं कुलदैवत. तिची शपथ त्या घरात कोणी मोडलेली नाही. तो पाय आपटत वर गेला आणि खिडकी धाडकन लावून घेतली.

मावशी आत आली, तिच्या मागून मी. एवढा आरडाओरडा झाला, तरी काका एका उशीवर सपाट आडवे, घोरत पडले होते. मावशीने त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"शपथ घेतली मेल्याने," ती म्हणाली.