चोर रिमोट

मामाने दुकान बंद केलं तेव्हा चालणारे सगळे गेम विकले आणि जे कुणी घेईना ते आमच्या घरी आणून टाकले. बसस्टँडजवळ त्याची व्हिडिओ गेमची खोली होती. पडदा लावलेला, आत चार टीव्ही, चार काळी जपानी यंत्रं आणि घामाचा वास. नव्वदीच्या शेवटी शेवटी पोरं कॉम्प्युटरकडे वळली आणि मामाने टायर पंक्चरचं दुकान टाकायचं ठरवलं. "ताई, एक यंत्र ठेव, पोरगी खेळेल," असं आईला सांगून त्याने एक पिशवी ओट्यावर ठेवली. पिशवीत यंत्र, दोन रिमोट आणि तीन कॅसेटी होत्या. पोरगी म्हणजे मी, अकरावीतली. माझं खेळायचं वय कधीच सरलं होतं, असं निदान मला वाटत होतं.

दुसऱ्या रिमोटची गंमत मामाने मला आणि आईला हसत हसत सांगितली, वडील तेव्हा शाळेत होते. त्याच्या दुकानात तीन जिवांचा दर होता, खेळातला माणूस तीनदा मेला की पैसे संपले. एखादं पोर हुशार निघालं की तीन जिवांत तास काढायचं आणि बाकीची खोळंबायची. म्हणून मामाने दोन्ही रिमोटच्या बटणांच्या तारा आतून एकमेकींना जोडून घेतल्या होत्या. पुढचा रिमोट गिऱ्हाइकाच्या हातात, मागचा मामाच्या मांडीवर. पोर रंगात आलं की मामा अलगद बटण दाबायचा आणि पडद्यावरचा माणूस नको तिथे उडी मारून खड्ड्यात जायचा. "कोणाच्या बापाला कळलं नाही," मामा म्हणाला. तो त्याला चोर रिमोट म्हणायचा. असा हा आमचा मामा.

त्या तीन कॅसेटी कुणी न घेण्याचं कारण मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मामाच्या गिऱ्हाइकांना जपानी खेळ हवे असत. रंगीत डोंगर, उड्या, नाणी, मेलं की लगेच उठून पळणारा गोल गोल गडी. हे तिन्ही खेळ चालायचे जपानी यंत्रावर, पण केलेले होते भलत्याच मुलुखातल्या लोकांनी. सुरुवातीला पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरं येत, ती वडील चष्मा पुसून वाचायचे. "हा अमेरिकेतला. हा फ्रान्सचा. आणि हा स्कॉटलंडचा, बरं का." शाळेत ते मराठी शिकवायचे, पण नकाशाचं त्यांना भारी वेड होतं.

अमेरिकेतल्या खेळात एक कैदी होता. तळघरातून बाहेर पडायला त्याच्याकडे एकच तास. तो खऱ्या माणसासारखा चाले, धावता धावता थांबायलाही त्याला दोन पावलं लागत, आणि बोटभर चुकलं की खालच्या सुळ्यांवर. फ्रान्सच्या खेळात एक शास्त्रज्ञ वीज पडून दुसऱ्याच जगात जाऊन पडायचा. तिथे ना गुण, ना जीव मोजायची सोय, ना कुणी काही सांगायचं. पहिल्याच क्षणी तो पाण्यात असे आणि तुम्हाला ते समजेपर्यंत बुडालेला असे. मला हे खेळ जपानी खेळांपेक्षा जास्त आवडले, आजही आवडतात. ते लाड करत नाहीत. पडलात तर पडलात, म्हणतात.

तिसरा, स्कॉटलंडचा, सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगला. वरून एक दार उघडायचं आणि बोटभर उंचीची माणसं खाली टपकून एका रांगेत चालू लागायची. पुढे कडा असो, आग असो, पाणी असो, ती थांबत नसत. पडद्यावरचा बाण एकेकावर नेऊन बटण दाबायचं आणि काम द्यायचं. तू खण, तू जिना बांध, तू हात पसरून उभा राहा आणि बाकीच्यांना अडव. वेळेवर बटण दाबलं नाही की सगळी रांग एकामागून एक कड्यावरून खाली.

त्याच वर्षी चैत्रात वडिलांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. पाय महिन्या-दीड महिन्यात परत आला, ओढत का होईना चालू लागले. हात मात्र आला नाही. नुसता हलत नव्हता असं नाही, त्याला काही कळतच नव्हतं. एकदा गरम चहाची कपबशी बोटांना चिकटून राहिली, कातडीला फोड आला, तरी ते आईशी बोलत बसले होते. आईने पाहिलं आणि किंचाळली.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, औषधाने जे व्हायचं ते झालं, आता बोटं कामाला लावा. जवळच्या डोईफोडिया गावाहून एक म्हातारे मालिशवाले दिवसाआड बसने येत. तेल चोळून झालं की वडिलांपुढे दोन ताटल्या ठेवत, एका ताटलीतले ज्वारीचे दाणे चिमटीने दुसरीत टाकायचे. वडिलांना याचा संताप यायचा. "मी काय चिमणी आहे?" म्हणायचे. तासाभरात चार दाणे व्हायचे, कधी पाच. पण व्हायचे, हे मला आज लिहिलंच पाहिजे.

घाई होती शाळेची. त्यांची मराठी शाळा हिंदी शाळेत मिसळायची होती, आमचं गाव सीमेपलीकडच्या हिंदी राज्यातलं, तिथे तेव्हा तेच चाललं होतं. शिक्षकांना कागद आला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर जे तब्येतीने धड असतील त्यांना नव्या शाळेत घेऊ, बाकीच्यांनी घरी बसावं. नव्या शाळेत मराठीचा एक तास राहणार होता आणि तो घ्यायला वडील एकटेच होते. अट एवढीच की साहेबांसमोर फळ्यावर लिहून दाखवायचं. वडिलांचं फळ्यावरचं अक्षर असं होतं की तास संपला तरी पुढचे मास्तर ते पुसायला धजत नसत. त्या अक्षरावर त्यांचा जीव होता, आमच्यावर होता त्याहून कमी नाही.

गेमची कल्पना माझीच. ज्वारीपेक्षा बरं, म्हटलं. डाव्या अंगठ्याने बाण हलवायचा, उजव्याने बटण दाबायचं, झाला व्यायाम. "पोरखेळ," वडील म्हणाले, पण बसले. दुपारी मागच्या गल्लीतले पॉवरलूम खटखटत असत. लाइट गेली की ते गप्प होत आणि आमचा पडदाही काळा होई. मग लाइट येईपर्यंत आम्ही तसेच पडद्याकडे बघत बसायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी बाण बरोबर नेला. पुढच्या माणसाला अडवायला लावायचं होतं. उजवा अंगठा बटणावर मी ठेवून दिला होता, तो तिथे पडून राहिला. रांग कड्याशी आली. एक गेला, दुसरा गेला. पडताना बारीक चीं असा आवाज करायचे मेले. वडील अंगठ्याकडे बघत होते. शेवटचा गेल्यावर म्हणाले, "बाई, सगळे गेले गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वडिलांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मामाचा चोर रिमोट लावला आणि ओढणीखाली घेऊन त्यांच्या मागच्या बाजूला बसले. बाण माणसावर आला तसं मी बटण दाबलं. माणूस हात पसरून उभा राहिला, रांग वळली.

"हलला!" वडील ओरडले. "पाहिलंस? हलला!"

त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. अंगठ्याला स्पर्श कळत नव्हता, म्हणून पडद्यावर दिसेल ते खरं. आई कणकेचे हात घेऊन धावत आली. वडिलांनी तिला परत करून दाखवलं, म्हणजे मी दाखवलं. त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. थट्टेत खपून गेलं असतं. पण ते इतके हसत होते की माझी जीभच उचलेना.

मग रोजचंच झालं. वडील पुढे पुढे जात राहिले. प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर एक सांकेतिक शब्द येई, तो ते डाव्या हाताने वहीत वेडावाकडा लिहून ठेवत. एकाच गोष्टीला ते अडायचे. सगळे सुटले तरी अडवणारा तिथेच उभा राही, त्याला फोडल्याशिवाय खेळ संपत नसे. "हा उभा राहिला म्हणून बाकीचे वाचले ना? मग त्यालाच उडवायचं?" ते रिमोट खाली ठेवून द्यायचे. तेवढं बटण मी उघडपणे दाबायची.

पंधरा दिवसांनी त्यांनी मालिशवाल्यांना सांगितलं, "बाबा, आता येऊ नका, अंगठा सुटलाय." म्हाताऱ्याने त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. मग तेलाची बाटली घेऊन गेला. ताटल्या मांडणीवर गेल्या, ज्वारी गिरणीत. आई एकदा पेन्सिल घेऊन आली तर म्हणाले, "आधी अंगठा पुरता मोकळा होऊ दे."

मी घाबरले. एका दुपारी ठरवून बटण दाबलंच नाही. रांगच्या रांग गेली. वडिलांनी दोनदा, पाचदा पाहिलं, मग भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी चहाही नको म्हणाले. आई डॉक्टरांना बोलवायला निघाली. मी पुन्हा ओढणी सारखी केली आणि बसले. दया म्हणा हवं तर. मला आता तो भेकडपणा वाटतो.

दिवाळीनंतर नव्या शाळेच्या मोठ्या वर्गात बोलावलं. वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बरोबर मी आणि आई. तीन साहेब बाकावर बसले होते, माणसं वाईट नव्हती. "मास्टरजी, बस एक वाक्य लिख दीजिए," एक जण म्हणाला आणि खडू त्याने स्वतः वडिलांच्या बोटांत ठेवला.

खडू पडला. त्याने उचलून परत ठेवला. परत पडला. तिसऱ्यांदा वडिलांनी डावा हात पुढे केला तेव्हा साहेब हळूच म्हणाले, "दाहिने से, सर."

वडील फळ्याकडे तोंड करून उभे होते. तसेच मागे वळून मराठीत म्हणाले, "घरी हलतो हो. रोज हलतो. मुलीला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "हलतो."

साहेबांनी मान हलवली आणि घरी बसण्याचा कागद पुढे ओढला. डाव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळेना, म्हणून बाबू शाईचा डबा घेऊन आला. ज्यांनी निम्म्या गावाला सही करायला शिकवलं त्यांचा अंगठा त्या बाबूने धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. मराठीचा तास त्या शाळेत सुरू झालाच नाही.

रिक्षात वडील म्हणाले, "हाताने नाही दगा दिला. मी भ्यालो. ऐनवेळी भ्यालो."

संध्याकाळी आईने चोर रिमोट कपाटातून काढून माझ्या मांडीवर ठेवला. "मले पह्यल्या दिसापासून दिसत होतं," ती म्हणाली.

"मग बोलली काहून नाहीस?"

"ते हासत होते ना." तिने कपाटाचं दार लावलं. "आता सांगू नको. तुह्यं वझं उतरीन, त्यायचं वाढीन. ज्वारीनं हात सुधारत होता थोडा थोडा, खेळापायी ते सुटलं, हे त्यायले आता कशाले कळू द्यायचं?"

मला तिचा भयंकर राग आला होता, कारण तिचं बरोबर होतं. मी पुढची चार वर्षं त्यांच्या मागे बसून बटण दाबत राहिले. आमची भांडणं, माझी कॉलेजची परीक्षा, सगळं त्या दुपारच्या तासाभोवती चालायचं. तिन्ही कॅसेटी आम्ही पुऱ्या केल्या. कैदी सुटला, शास्त्रज्ञ सुटला.

मग माझं लग्न झालं, जळगावला. पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा वडिलांनी यंत्र मांडूनच ठेवलं होतं. "तू गेलीस आणि अंगठा परत गेला बघ," म्हणाले. "तू शेजारी असलीस की हलतो. जावईबापू, हिच्या हाताला गुण आहे, बसा, दाखवतो." नवरा खुर्ची ओढून अगदी माझ्याशेजारी बसला. त्याच्यासमोर कपाटातला चोर रिमोट काढून ओढणीखाली घेणं मला जमलं नाही. लाज वाटली, एवढंच कारण.

दार उघडलं, माणसं टपकली, चालू लागली. वडिलांनी बाण नेला. मी हात मांडीवर तसेच ठेवले. सगळी रांग गेली.

वडील रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बरोबरच आहे. लेक परकी झाली, तिच्याबरोबर गुणही गेला." डाव्या हाताने त्यांनी टीव्ही बंद केला आणि नवऱ्याला विचारलं, चहा घेणार का.

ते यंत्र पुन्हा कुणी लावलं नाही. वडील त्यानंतर तीन वर्षं जगले. कुणी जुना विद्यार्थी पाया पडायला आला की त्याला सांगायचे, हात बरा झाला होता रे माझा, घरी विचार हवं तर, मीच त्या दिवशी भ्यालो. सुट्टीत आलेली असले तर मी तिथेच उभी असायची. विद्यार्थी माझ्याकडे बघायचा आणि मी हो म्हणायची.