पासपोर्ट आपल्याजवळ ठेवावा

आमच्या कुडव्याच्या घरी अधूनमधून एखादी मुलगी सल्ला विचारायला येते. परवा एक अर्जुनी मोरगावहून सकाळच्या गाडीने आली, आईला सोबत घेऊन. तिला मॉडेलिंगच्या कामासाठी परदेशातून बोलावणं आलं होतं, आणि मी कधीकाळी तेच काम करून आले हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिकडच्या थंडीत चेहऱ्याला कोणती क्रीम लावायची, हा तिचा पहिला प्रश्न. मी कपाळावर हात मारून घेतला.

"क्रीम गेली चुलीत वं," मी म्हटलं. "वापसीचं तिकीट कोणत्या तारखेचं हाय, थे सांग पयले."

मी सांगते त्यात काही जगावेगळं नसतं. राहण्याचा पत्ता तिकडच्या लिपीत कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, कारण फोन नेमका नको तिथे मान टाकतो. विमानतळावर घ्यायला येणाऱ्या माणसाचा फोटो आधी मागवून घ्या. पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो घरच्यांच्या फोनमध्ये असू द्या. कास्टिंगला, म्हणजे कामासाठी निवड करतात तिथे, दिवसभर पायपीट होते, तेव्हा उंच टाचा पिशवीत न्या आणि दारात पोचल्यावरच घाला. रोज घरी व्हिडिओ कॉल करा. आणि पासपोर्ट कोणाच्याही हातात देऊ नका, घर सांभाळणारी बाई कितीही मायाळू असली तरी. हे शेवटचं सांगताना माझा आवाज चढतो. मुली घाबरतात. त्यांना वाटतं, तिकडे मला कोणी कोंडून ठेवलं होतं. तसं झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. साठ दिवसांचा व्हिसा, आणि ऑनलाइन विकायचे कपडे अंगावर घालून फोटोला उभं राहण्याचं काम. एजन्सीने राहायला दिलेलं घर एका जुन्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. दार एका साठीच्या बाईने उघडलं. हे घर तीच सांभाळायची; घरी फोनवर बोलताना मी तिला मावशी म्हणायचे. तिने माझ्या हातातली बॅग घेतली, मग पासपोर्टही घेतला, आणि दोन्ही आतल्या खोलीत नेऊन ठेवली. कपाटाचं दार लागल्याचा आवाज मी ऐकला.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे माझा मूर्खपणा कळेल. पाहुणा दारात आला की घरची बाई त्याच्या हातातली पिशवी आत नेते. ती कुठे ठेवली, हे पाहुण्याने विचारायचं नसतं. निघायच्या दिवशी तीच पिशवी धानाच्या कोठीमागे दडवतात, चपला पलंगाखाली सरकवतात आणि "राहा जी आजचा दिवस" म्हणतात. पाहुणा वरवर चिडतो, मनातून सुखावतो. त्यामुळे त्या बाईने बॅग घेतली तेव्हा मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलं मात्र भलतंच. सात समुद्रापार कोणीतरी आपलं माणूस भेटलं असं वाटलं. आईला फोनवर सांगितलं, तर तीही खूश.

"बरं झालं," ती म्हणाली. "थे नीट ठेवन. तू त हरवूनच आली असती."

घरात आणखी एक मुलगी होती. पहाडी भागातली, हिंदी बोलणारी. तीही दोन महिन्यांसाठीच आली होती. कधी, ते विचारलं की ती हसायची. रोज सकाळी ती नीट मेकअप करून, केस बांधून टेबलाशी बसायची. मला वाटायचं कामाला निघाली. दुपारी मी परत यायचे तेव्हा ती तिथेच बसलेली असायची, आणि मग बेसिनवर जाऊन चेहरा धुऊन टाकायची. आणि दाराजवळ बायकांच्या बुटांच्या अकरा जोड्या ओळीने ठेवलेल्या होत्या. राहत होतो आम्ही तिघी. बाकीचे कोणाचे, असं मी एकदा विचारलं.

"जो चली गईं, उनके," ती म्हणाली. बाहेर पाय ठेवला की बर्फ, अशा गावातून कोणी बूट न घालता कसं गेलं असेल, हे मी विचारलं नाही.

दर सोमवारी एजन्सीत टेप लावून आमची कंबर मोजायचे. कास्टिंगमध्ये लोक माझ्याकडे असे बघायचे जसं बाजारात वांगं उलटून बघतात, आणि मग पुढची. मी घरी आले की ती बाई काही न मोजता पावावर बोटभर लोणी लावून समोर ठेवायची. आम्ही फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमधून बोलायचो. ती तिच्या भाषेत हळू काहीतरी पुटपुटायची आणि फोन कोरड्या, यंत्राच्या आवाजात हिंदीत सांगायचा, "आज बाहर ठंड है. कल जाना." एकदा तसं ऐकून मी कास्टिंग बुडवलं. मग दुसऱ्यांदा. पुढे एजन्सीचे फोन येणं कमी झालं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. पडदे ओढलेले असायचे, घर गरम असायचं. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मी मेकअप करून टेबलाशी बसले आहे, कुठेही जायचं नसताना. समोर ती पहाडी मुलगी तशीच बसली होती. तरी मी उठले नाही.

आईने व्हिडिओ कॉलवर खोली पाहिली.

"परवा वापस येऊन राहिली ना वं? मंग बॅग काऊन दिसत नाही?"

"मावशीजवळ हाय," मी म्हटलं.

"आन पासपोर्ट?"

"थोही तिच्याचजवळ. कपाटाले कुलूप हाय."

आई हळू म्हणाली, "पाहुण्याले एक दिवस ठेवतेत, बाई. कुलूप नाही लावत."

विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. सकाळी नाश्त्याला बसल्यावर मी फोन पुढे धरला आणि हिंदीत म्हटलं की मला माझा पासपोर्ट पाहिजे. ही आता ओरडेल, नाही म्हणेल, अशी माझी पुरती तयारी होती. बाई उठली. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं, मला टेबलाशी बसून कपाट दिसत होतं. तिने किल्ली काढली नाही. नुसतं दार ओढलं, ते उघडलं. त्याला कुलूप कधी नव्हतंच. इतक्या दिवसांत मी एकदाही हात लावून पाहिलं नव्हतं. तिने पासपोर्ट आणून पाव आणि लोण्याच्या मध्ये ठेवला. मग फोनशी काहीतरी बोलली.

"जाना है?" फोनने विचारलं.

आणि मी म्हटलं, "कल."

माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात. कोणी मला अडवलं नव्हतं. बाईने मान हलवली आणि माझ्यासाठी पाव कापायला घेतला. मला माझीच भीती वाटली, पण माझा हात काही पासपोर्टकडे जाईना.

पहाडी मुलगी ताटलीकडे बघत होती. वर न बघता ती म्हणाली, "मैंने भी यही कहा था."

मी पासपोर्ट उचलला. बॅग मागितली नाही. "तू भी चल," तिला म्हटलं. तिने माझी अर्धी राहिलेली ताटली उचलली आणि बेसिनमध्ये नेऊन धुवायला लागली. मी त्या रांगेतून माझे बूट शोधले, नाडी न बांधता घातले आणि जिन्याला लागले.

पाच मजले. मागून पावलं आली नाहीत, दारसुद्धा लागलं नाही. मी मात्र प्रत्येक मजल्यावर थांबत होते, कठड्याला धरून, कान वर लावून. वरून कोणी एकदा जरी हाक मारली असती तरी मी परत चढून गेले असते. हे मी मुलींना सांगत नाही. त्यांना एवढंच सांगते की पासपोर्ट आपल्याजवळ ठेवा.