साडेचार व्होल्ट

परतूरच्या आमच्या दुकानाबद्दल मी चारचौघांत पुष्कळ बोललो आहे. रेडिओ, टेपरेकॉर्डर, लाकडी दारांचे टीव्ही, सगळं सांगून झालं. उस्तादांनी काम का सोडलं, असं कुणी विचारलं की मात्र 'मोतीबिंदू झाला होता' म्हणून मी विषय बदलत आलो. मोतीबिंदू होता, हे खरं. त्यामुळे काम सुटलं, हे खोटं. आज पंचाहत्तरी उलटल्यावर आणि उस्ताद गेल्यावर मी हे लिहितो आहे, यात धाडस काही नाही.

उस्ताद म्हणजे माझ्या दुकानात तीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेले मेकॅनिक. दुकान माझं आणि हात त्यांचा, असं गाव म्हणायचं. मला ते टोचायचं.

एक दिवस वाटूरच्या शिलाईकाम करणाऱ्या एक बाई आल्या. नवऱ्याची उजव्या हाताची तीन बोटं जिनिंगच्या मशीनमध्ये गेली होती, तेव्हापासून तो घराबाहेर पडत नव्हता. त्यांनी पिशवीतून व्हिडिओ गेमचा जुना रिमोट काढला. खेळाचा डबा कधीच भंगारात गेला होता.

"काका, ते खेळ आता मोबाइलवर येतात म्हणं. ह्याच रिमोटनं खेळता येईल असं करून द्या. दुसरा न्हाई म्हणतेत ते."

"बाई, आम्ही खेळणी दुरुस्त करत न्हाई," मी म्हणालो. तोवर उस्तादांनी रिमोट माझ्या हातातून घेतलाही होता.

महिनाभर ते त्याच्यामागे होते. रिमोटच्या आत त्यांनी नखाएवढा बिनतारी बोर्ड बसवला. उजवीकडच्या दोन बटणांच्या तारा बाहेर काढून एका फळीवर दारावरच्या बेलची दोन बटणं लावली, कोपरानं दाबायला. बोर्डाला लागायचे तीन व्होल्ट. साडेतीनच्या वर गेलं की तो मरणार. आमच्याकडे खटक्याचा एक जुना अडॅप्टर होता: तीन, साडेचार, सहा, असा खटका सरकवत न्यायचा. बोर्ड चालू ठेवून त्यांनी मीटर लावला, तीनचं घर बरोबर असल्याची खात्री केली आणि मला बजावलं, "भाऊ, तुमी टीव्हीवाले. तुमाला धा-वीस व्होल्ट म्हंजी चिल्लर. इथं एक जास्त झाला तरी जनाजा. खटक्याला हात लावू नका."

"मला शिकवता का आता?" मी हसून म्हणालो. हसलो, पण राग आला होता.

आमच्या भागात रब्बीत शेतातले पंप चालू झाले की दुकानातलं व्होल्टेज पार खाली येतं. पूर्वी टीव्हीचं चित्र दोन्ही बाजूंनी आकसायचं. त्यामुळे कुठलाही अडॅप्टर असो, आम्ही सगळेच खटका एक घर वर ठेवायचो. बोटांना तीच सवय.

तो शुक्रवार होता आणि शेतातले पंप चालू होते. उस्ताद नमाजला गेले होते. बाई नवऱ्याला घेऊन आल्या. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच बाहेर पडला होता आणि त्यांना परतीची एसटी गाठायची होती. मी रिमोट चालू केला. बोर्डावरचा दिवा मिणमिणला आणि विझला. मी खटका साडेचारवर सरकवला. दिवा स्थिर झाला. त्यानं कोपरानं बेलचं बटण दाबलं, मोबाइलवरची गाडी उडाली आणि तो मोठ्यानं हसला. बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

तेवढ्यात पंपांची लाईन गेली आणि दुकानातलं व्होल्टेज वर चढलं. ट्यूब एकदम लख्ख झाली, पंखा जोरात फिरायला लागला आणि रिमोटमधून जळका वास आला. मी बटण बंद केलं. त्या दोघांना काही कळायच्या आत खटका परत तीनवर आणला. घाबरून नव्हे, समजून उमजून.

उस्ताद आले. डोक्यावर टोपी तशीच होती. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"उस्तादांची नजर आता पहिल्यासारखी न्हाई," मी म्हणालो. "सोल्डरचा एखादा सांधा चुकला असंल."

त्यांनी अडॅप्टरला तीनदा मीटर लावला, तीनदा बरोबर आला. मग रिमोट उघडून, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, तुमीच बघा. मला दिसून न्हाई राह्यलं."

मी वाकून बघितलं. सगळे सांधे मण्यांसारखे स्वच्छ होते. त्यातल्या एकावर मी बोट ठेवलं. "हा."

"बराबर," ते म्हणाले.

बोर्ड नवा मागवता आला असता. मी तसं म्हणालोही. त्यांनी सोल्डरिंग आयर्नची वायर गुंडाळली. "न्हाई भाऊ. माझाच मला भरोसा न्हाई आता." बाईंच्या नवऱ्यानं रिमोट पिशवीत टाकला. ती दोघं पुन्हा कधी आली नाहीत आणि मीही वाटूरला गेलो नाही.

उस्ताद सोमवारपासून दुकानात आले नाहीत. दर ईदला मी त्यांच्याकडे जायचो, शिरखुर्मा खायचो, बोलायचं ठरवून बसायचो आणि तसाच उठायचो. शेवटच्या भेटीत ते अंथरुणाला खिळले होते. त्यांनी माझा हात धरला.

"भाऊ, त्या दिवशी माझ्यामुळं तुमच्या दुकानाचं नाव गेलं. माफ करा."

चहा घेऊन आलेल्या भाभी, उस्तादांच्या पत्नी, दारातच थांबल्या होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "जाऊ द्या की उस्ताद." म्हणजे मी त्यांना माफ केलं. त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मी चहा प्यायलो, चपला घातल्या आणि घरी आलो. सांगायचं होतं ते एवढंच: उस्ताद, तुमचा एकही सांधा चुकला नव्हता. खटका मी सरकवला आणि मीच परत आणला. मला माफ करा.