फ्राऊ बेकरच्या बॉयलरचा काटा

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, अंगात येणं वगैरे प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी मूळचा सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनीयर, आणि गाडीच्या ब्रेकमधल्या तेलाचं प्रेशर तपासणं ही माझी नोकरी. प्रेशर उगाच वाढत नाही, या एका गोष्टीवर माझं पोट चालतं. या ग्रुपवर मी इतके दिवस नुसता वाचायचो, आणि खरं सांगायचं तर गालातल्या गालात हसायचोसुद्धा. पण हे एक प्रकरण आहे... माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. जसं घडलं तसं लिहितो.

२००५ सालचा हिवाळा. जर्मनीत र्युसेल्सहाइमजवळच्या एका लहान गावात आम्ही भाड्याने राहत होतो. दुमजली घर. खाली मालकीणबाई फ्राऊ बेकर, सत्तरीच्या. वर मी आणि बायको मंजिरी. मंजिरीचे दिवस भरत आले होते, म्हणून मिरजेहून सासूबाई आल्या होत्या. फ्राऊ बेकरचे यजमान, वेर्नर, त्याच उन्हाळ्यात वारले होते.

सगळ्या घराला मिळून तळघरात एकच हीटिंग बॉयलर. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी – बॉयलरमध्ये पाणी तापतं, पाइपांतून सगळ्या खोल्यांच्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि तेच परत येतं. बंद सिस्टीम. प्रेशर साधारण दीड बार असावं. कमी झालं तर नळाला होस पाइप जोडून थोडं पाणी भरायचं आणि पाइप काढून ठेवायचा. तीन बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर पडतं.

आमच्याकडे ते दर शनिवारी सकाळी बाहेर पडायला लागलं. तळघराच्या फरशीवर थारोळं, त्यात फ्राऊ बेकरची बटाट्याची पोती भिजलेली. मला वाटायचं, म्हातारी पाणी भरते आणि विसरते. तिला वाटायचं, मी नळाशी खेळतो.

"हेर साठे, तुम्ही इंजिनीयर आहात ना? मग माझ्या हीटिंगला हात का लावता?"

"मी नाही लावला, फ्राऊ बेकर."

"हो, हो. मग कोणी लावला? माझा मुलगा म्हणतोय, पुन्हा असं झालं तर वरचा मजला रिकामा करून घे."

मुलगा कोलोनला असायचा आणि त्याचा आवाज मी फक्त फोनवर ऐकला होता, पण तो थट्टा करणाऱ्यांतला नव्हता. भर थंडीत, बाळंतपण तोंडावर असताना घर शोधत फिरायचं? मला झोप लागेना. मंजिरीला मी काही सांगितलं नव्हतं, पण भिंती पातळ होत्या. तिने कपडे नीट लावायच्या निमित्ताने बॅगा वरून खाली काढल्या, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं.

मग मी पद्धतशीर मागे लागलो. पाणी तापून फुगलं की सामावून घ्यायला एक लाल टाकी असते, ती बिघडली की प्रेशर चढतं. मेकॅनिक बोलावला. टाकी उत्तम. गेज खोटं दाखवत असेल म्हणून त्याने नवीन लावलं. अंघोळीच्या पाण्याची कॉइल फुटली की नळाचं पाणी आत शिरतं, पण आमचं अंघोळीचं पाणी वेगळ्या इलेक्ट्रिक गिझरवर तापायचं. तोही मार्ग बंद. मेकॅनिक खांदे उडवून निघून गेला. उरला होस पाइप. तो मी सरळ वर आणून आमच्या बाल्कनीत ठेवला. आता पाणी आत जायला वाटच नव्हती.

शनिवारी फरशी पुन्हा ओली!

पुढच्या शनिवारी मीच फ्राऊ बेकरना म्हणालो, आपण दोघं खाली बसू आणि बघू. त्या कॉफीचा थर्मास घेऊन आल्या. मागोमाग सासूबाई, स्वेटरवर शाल, शालीवर माझं जाकीट. मी म्हटलं, "आई, तुम्ही कशाला? खाली गारठा आहे."

"तुमच्या दोघांची भांडणं होऊ नयेत म्हणून," त्या म्हणाल्या आणि बटाट्याच्या पोत्यावर ऐसपैस बसल्या.

बॉयलर मी बंद ठेवला होता, म्हणजे पाणी तापून फुगायचाही प्रश्न नव्हता. काटा दीडवर. वाट बघता बघता फ्राऊ बेकर बोलायला लागल्या. शनिवारी नाश्त्याचे ब्रोटशन, म्हणजे छोटे पाव, आणले की वेर्नर आधी तळघरात यायचे आणि पाणी भरायचे. गरज असो नसो. लहानपणी थंडीत फार काढलं होतं त्यांनी, युद्धानंतरची वर्षं. घर गार पडेल ही एकच भीती. "नेहमी जास्त भरायचा. मी जिन्यावरून ओरडायची."

हे त्या सांगत असतानाच नळात पाणी सुरू झाल्यासारखा बारीक आवाज आला... स्स्स्स. आणि काटा चढायला लागला.

मी उठून नळ बघितला. बंद. होस नाही. भरायच्या तोंडावर पितळी टोपी, कोरडी ठणठणीत. काटा दोनवर, मग दोनच्या पुढे, एखादा माणूस सावकाश नळ सोडतो तसा. खोटं कशाला सांगू, मी तो बंद नळच पुन्हा आवळला.

फ्राऊ बेकर पांढऱ्याफटक झाल्या होत्या. "वेर्नर," एवढंच म्हणाल्या.

सासूबाईंना जर्मन येत नाही, पण नाव कळलं. "समीरराव, ह्यांचे यजमान ना? अहो मग शब्द द्यायला सांगा बाईंना."

"कसला शब्द, आई?"

"मंजिरीच्या बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना, आठवतंय ना? शेवटी भावजींनी मोठ्याने सांगितलं की तुझी स्कूटर विकणार नाही, तेव्हा शिवला. जीव अडकलाय हो त्या माणसाचा. सांगा."

कावळ्याला तेव्हा भूक लागली असणार, हे माझं मत आजही कायम आहे. पण काटा अडीचच्या पुढे गेला होता. मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, आल्झो-आल्झो, म्हणजे 'तर... तर...' करत, पिंड, कावळा आणि स्कूटर हे सगळं त्या बाईंना समजावलं. आयुष्यात इतकं हास्यास्पद मला कधी वाटलं नव्हतं.

त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बघाल? हीटिंग?"

घर सोडायला लावणारी बाई मला हे विचारत होती. मी म्हटलं, "हो. गेनाऊ, अगदी. मी बघेन."

मग त्या बॉयलरकडे वळल्या. नेहमी जिन्यावरून बोलत असतील तशाच चढ्या आवाजात म्हणाल्या, "वेर्नर, गेनुग! पुरे. आता हेर साठे बघतील. घर गार नाही पडणार."

आवाज थांबला. काटा तिथेच राहिला. मी बादली लावून पाणी सोडलं आणि तो दीडवर आणला. सासूबाई तेवढ्यात थर्मासमधली कॉफी ओतून मोकळ्या झाल्या होत्या.

त्यानंतर एकाही शनिवारी प्रेशर वाढलं नाही. उलट कुठल्याही साध्या सिस्टीमसारखं हळूहळू उतरायचं आणि मी भरायचो. घर सोडायचा विषय परत निघाला नाही. आमची मुलगी त्याच घरात आली, आज ती फ्राऊ बेकरना ओमा, म्हणजे आजी, म्हणते आणि माझ्या मराठी प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं देते.

तापमानाचा फरक, पाइपात अडकलेली हवा, शेजारच्या घराशी जोडलेली एखादी विसरलेली लाइन... मी सगळं तपासलंय. ऑफिसमधल्या मित्रांनाही विचारलंय, माणसांची नावं गाळून. कोणाला काही सुचलं नाही.

एकच प्रसंग राहिला. बाळाच्या बारशानंतरची गोष्ट. शनिवारी सकाळी मी तळघरात होतो आणि फ्राऊ बेकर गाऊनवरच जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

"आज चढलं का थोडं?"

"नाही, फ्राऊ बेकर," मी खुशीत सांगितलं. "अगदी जिथे हवं तिथे आहे."

"शाड," त्या म्हणाल्या. म्हणजे, अरेरे. आणि कठड्याला धरून वर निघून गेल्या.

होस माझ्या हातातच होता. थोडं जास्त भरून त्यांना हाक मारावी, असंही मनात आलं. नाही केलं.

माझ्याकडे आजही या प्रकाराचं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणी हायड्रॉलिक्सवाला असेल आणि काही सुचलं तर मला जरूर कळवा, ऐकायला आवडेल. पण ते फ्राऊ बेकरना सांगायला मी जाणार नाही.