डाव्या हाताची तलवार

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, डावा हात शाबूत आहे, नशीब समजा. आमच्या घरात डाव्या हाताला काय किंमत आहे, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार?

बाबांनी मोहने गावातल्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवला. बिघडलेला मिक्सर दिसला की म्हणायचे, "हा तर माझ्या डाव्या हातचा मळ." आणि मग सगळं काम उजव्या हाताने करायचे. डाव्या हाताने जेवायचं नाही, प्रसाद घ्यायचा नाही, कुणाला काही द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. देवाची करणी अशी, की त्यांची नात, माझी लेक, पक्की डावखुरी निघाली. तिचा डावा हात ताटाकडे वळला की बाबांचं बोट टेबलावर आपटायचं. "बाय, तो हात नाही." मी भांडायचे, की शाळेत चालतं, जगात चालतं, तुम्हालाच का खुपतं? ते शांतपणे म्हणायचे, "जग माझ्या पंगतीला येत नाही." घ्या. पोरगी लिहायची डाव्याने आणि जेवायची उजव्याने, सांडत सांडत.

हॉस्पिटलातून त्यांना डोंबिवलीला माझ्याकडे आणलं. जीभ जड झालेली, पण हट्ट होता तसाच. डाव्या हाताने घास घेणार नाहीत म्हणजे नाहीत. मग मीच भरवायचे, मऊ वरणभात, चमच्याने. चमचा जवळ आला की ते डोळे मिटून तोंड उघडायचे. मला ते बघवायचं नाही. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी रोज सांगायची, आजोबा, हा हात वापरा, नाहीतर हाही आखडेल. हे हात पांघरुणाखाली सरकवायचे. हळूहळू चार घासांवरच मान फिरवायला लागले. माझा बाप लाजेपायी वाळत चालला होता आणि मी नुसती बघत होते. स्वयंपाकघरात जाऊन रडायचे, येताना तोंड धुऊन यायचे.

नवरात्रात आमच्या सोसायटीत मुलांचा कार्यक्रम असतो, दसऱ्याच्या संध्याकाळी. लेकीला मावळ्याचं काम मिळालेलं. टेंभी नाक्याच्या देवीला गेलेलो तेव्हा प्लॅस्टिकच्या तलवारी दिसल्या, मी एक उचललीसुद्धा. तिने ती परत ठेवायला लावली. म्हणे, आजोबा बनवतील. मी कपाळाला हात लावला.

घरी येऊन तिने सरळ त्यांना सांगितलं. बाबांनी मांडीवरच्या निर्जीव उजव्या हाताकडे बघितलं आणि अडखळत म्हणाले, "हात कुठाय?"

"हा काय," म्हणत तिने त्यांचा डावा हात उचलून दाखवला.

ते हसले की रडले, मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी जुनी वर्तमानपत्रं मागितली.

मी मैद्याची खळ शिजवून दिली. कागदाच्या घट्ट सुरळ्या करायच्या, चपट्या दाबायच्या, एकावर एक चिकटवायच्या आणि गादीखाली वाळत घालायच्या, म्हणजे पातं वाकत नाही. सुरळी बाबांच्या एका हातात सुटायची, मग पोरगी दुसरं टोक धरायची. कात्री आली तिथे गाडी अडली. उजव्यासाठी केलेली कात्री डाव्या हातात कागद कापत नाही, नुसता चावते. बाबांनी ती वैतागून फेकून दिली. लेकीने उचलून आणली. "मलापण असंच व्हायचं. अंगठा आत ओढून धरा, आजोबा. हां, असा." बाबा तिच्या बोटांकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्या हाताला 'तो हात नाही' म्हटलं, त्याच हाताकडून ते शिकत होते. पातं कापून झालं, थोडं वेडंवाकडं. त्यावर चंदेरी बेगड चढली. मूठ बांधताना मात्र त्यांनी तिला पुन्हा पुन्हा डावी मूठ आवळायला लावली आणि त्या मापाने सुतळी गुंडाळली.

खंडेनवमीला खडवलीहून आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. सोवळ्याओवळ्यात बाबांच्या वरताण. पाटावर बाबांचा पाना, हातोडी, माझी शिवणाची कात्री आणि त्यांच्या शेजारी कागदाची तलवार. हळदकुंकू वाहून आत्या प्रसाद वाटायला लागली. लेकीने शिकवल्याप्रमाणे उजवा हात पुढे केला.

"तो नको, बाय," बाबा म्हणाले. "तलवारीचा हात पुढे कर."

आत्या पेढा धरून तशीच उभी. "दादा, तू सांगतोस हे?"

बाबांनी स्वतःचा डावा हात तिच्यापुढे पसरला.

त्या दुपारी ते आपल्या हाताने जेवले. निम्मं मांडीवर सांडलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि वर मला म्हणतात, "वरणात मीठ कमी आहे." दसऱ्याला खुर्चीत बसून नातीचं नाटक बघितलं. त्यानंतर रोज ती दोघं शेजारी बसून डाव्या हातांनी जेवायची. मला वाटलं, चला, सुटलो यातून. कसलं काय. मार्गशीर्षात दुसरा झटका आला आणि बाबा गेले.

त्यांना हॉलमध्ये निजवलं होतं. एकेक जण तोंडात तुळशीचं पाणी घालत होता. लेकीची पाळी आली. भरल्या घरात सगळे बघताहेत म्हणून असेल, तिने पळी उजव्या हातात घेतली. पळी कलंडली. पाणी त्यांच्या हनुवटीवरून गळ्याकडे ओघळलं. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

आत्या पलीकडे बसून रडत होती. ती पुढे सरकली, पदराने बाबांची हनुवटी टिपली, पोरीच्या हातातली पळी काढून घेतली आणि पुन्हा भरून तिच्या डाव्या हातात दिली.

"तलवारीचा हात पुढे कर, बाय," ती म्हणाली.

लेकीने पाणी घातलं. एक थेंबही सांडला नाही.