करपलेला धुरा

वाशीमच्या बाहेर, रिसोडच्या रस्त्याला ज्यांची भाजीची वावरं आहेत, त्या बायकांत बी. ए. झालेली उज्ज्वला एकटीच. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, अन् मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती सगळ्यांना पेपरातल्या बातम्या सांगायची. टापटिपीची तिला भारी हौस. वाफे आखीव, अंगण सारवलेलं, आणि उन्हाळा आला की धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, पेटवून लख्ख केलेला. धुऱ्यावर वाळलं गवत दिसलं की लोक घरच्या बाईला आळशी म्हणतात, हे तिला सासूनं शिकवलं होतं.

अमरावतीला विद्यापीठात पर्यावरण शिकणारी तिची लेक समीक्षा दिवाळीला आली, तेव्हा म्हणाली, "आई, यंदा धुरा पेटवू नको वं. तूच धूर करून राह्यली अन् तूच म्हनतं, ऊन काहून वाढलं."

उज्ज्वला हसली आणि तिनं शब्द दिला. धुऱ्यावर समीक्षानं पावसाळ्यात लावलेली करंजाची रोपंही होती.

उन्हाळ्यात लेकीचा फोन आला. सरांनी वर्गात विचारलं होतं, तुम्ही म्हातारे व्हाल तेव्हा इथं काय उरलं असेल? एक जण म्हणाला, दिवसा कोणी बाहेर पडणार नाही, शेती रात्रीच करावी लागेल. एका मुलीनं तर सांगितलं, असल्या उन्हात मी लेकरू जन्माला घालणार नाही. समीक्षा एकटी म्हणाली, लोक बदलतात. माझ्या आईनं माझ्या एका शब्दावर धुरा पेटवणं सोडलं. पोरं म्हणाली, दाखव मग. रविवारी सगळे येणार होते.

उज्ज्वलाला इतका आनंद झाला की ती पाहुण्यांच्या नजरेनं वावर पाहू लागली. धुऱ्यावर गुडघाभर गवत, त्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या. पोरी येणार, साप निघाला तर? अन् पाहिल्याबरोबर म्हणतील काय? शनिवारी दुपारी तिनं फक्त रस्त्याकडचा कोपरा पेटवला. तेवढाच, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पण वारा सुटला आणि आग धुऱ्यावरून धावत गेली. तिच्याकडे मजुरीला येणारी रंगूबाई बादल्या ओतत होती, उज्ज्वला ओल्या गोणपाटानं झोडपत होती. विझलं तेव्हा करंजाच्या जागी काळ्या काड्या उभ्या होत्या.

सकाळी पोरं आली. समीक्षा धुऱ्यापाशी थबकली. तिच्या वर्गातल्या प्रसेनजितनं विचारलं, "काकू, हा कसा जळला?"

"रंगूबाईनं चुलीतली राख टाकली, वाऱ्यानं पेटला," उज्ज्वलाच्या तोंडून निघून गेलं.

रंगूबाई पोरांना पाणी देत होती. तिनं एकदा उज्ज्वलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो बापू. चुकलंच माह्यावालं."

समीक्षा आईच्या जळक्या भुवईकडे पाहत होती. मग मैत्रिणींकडे वळून म्हणाली, "रंगूमावशीले दिसत नाही बरोबर." तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या; लहानपणापासून खोटं बोलली की हिचं असंच होतं, हे उज्ज्वलाला ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली.

आंब्याखाली भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवता जेवता प्रसेनजितनं चिडवलं, "काय मॅडम, लोक बदलतात, हे मत कायम हाये का?"

समीक्षा भरीत चिवडत म्हणाली, "माहीत नाही."

उज्ज्वलाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. लेक आपलं पाप झाकत होती आणि झाकता झाकता स्वतःचा शब्द गिळत होती.

"रंगूबाईनं काही नाही केलं," ती म्हणाली. "म्याच पेटवला. तुमी येनार, चांगलं दिसावं म्हनून."

मग प्रसेनजित हळूच म्हणाला, "आमच्या घरीबी पेटवतात काकू. वर्गात आमी सांगत नाही, एवढंच."

"माह्या डोक्यावरचं उतरलं ना?" रंगूबाई म्हणाली. "त वाढा आनखी भरीत."

सगळे हसले. समीक्षा हसली नाही.

निघताना ती दरवेळी आईच्या गळ्यात पडायची. या वेळी ऑटोत बसल्यावर तिनं एवढंच सांगितलं, "करंजाले पानी टाकत जाय. बुडातून फुटला त फुटला."

ऑटो गेला. उज्ज्वला बादली घेऊन तशीच धुऱ्यावर गेली.

"आता कायले?" रंगूबाईनं हाक मारली. "ऊन त उतरू द्या."

तिच्याकडे वर पाहायची उज्ज्वलाला हिंमत झाली नाही. ती पहिल्या काडीच्या बुडाशी पाणी ओतत राहिली. पाणी जिरलं, राख तिच्या पायांना चिकटली.