कूलरमागची खिडकी

"काकू, गॅसवर काही ठेवलंय का?"

"नाही वं. काहून?"

"जळका वास येतोय."

कुसुमकाकूंनी नाक वर करून वास घेतला, "शेजारी कोणी कचरा जाळत असंल" म्हणाल्या आणि पुन्हा चहा गाळायला लागल्या. मला काही ते पटलं नाही. हा वास बाहेरून येत नव्हता, बेडरूमकडून येत होता.

मी नागपुरात घरांच्या सजावटीची कामं करते. काम झालं की मी लगेच निघत नाही. सगळे दिवे लावायचे आणि संध्याकाळभर त्या घरातच बसायचं. मी याला टेस्ट रन म्हणते. माझे कारागीर म्हणतात, मॅडमला फुकटचा चहा पाहिजे असतो. म्हणोत बापडे.

रामदासपेठेतल्या या घरात काका-काकू दोघंच राहतात. मुलगी कॅनडात. मागच्या वेळी ती नातीला, मीराला, घेऊन आली ती मे महिन्यात. पोर उन्हानं हैराण झाली, रडून रडून घर डोक्यावर घेतलं, आणि शेवटी जावयानं सगळ्यांना एसी हॉटेलात हलवलं. उरलेली सुट्टी तिथेच गेली. काकूंना ते फार लागलं होतं. या वेळी लेक डिसेंबरात येणार होती.

"माही नात माह्या घरी राहिली नाही, हे मी कोणाले सांगू?" पहिल्याच भेटीत त्या मला म्हणाल्या होत्या. "तिच्याकडे नाताळाले असते तसं सगळं कर. मीराले हे आपलंच घर वाटलं पाह्यजे."

मी मनापासून केलं. हॉलमध्ये झाड, दारावर चांदणी, गॅलरीत माळा. सगळं एलईडी, आणि तेही ॲडॉप्टरवर. म्हणजे भिंतीतला करंट आधी एका डबीत उतरतो आणि माळेत अगदी थोडाच जातो. लहान मुलानं हात लावला तरी भीती नाही.

अडलं ते मीराच्या खोलीत. तिथली एकुलती एक खिडकी कूलरनं व्यापलेली. नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे लोखंडी कूलर खिडकीबाहेर स्टँडवर चढवतात, त्याचं तोंड खोलीत. त्याच्या जाळीत लाकडाचा बारीक कीस भरलेला असतो, त्याला आम्ही गवतच म्हणतो. उन्हाळ्यात ते ओलं असतं. हिवाळ्यात खडखडीत वाळतं. वर थंडी येऊ नये म्हणून लोक कूलरच्या भोवतीच्या फटींत जुने पेपर कोंबतात. चूल पेटवायला याहून चांगलं सामान मिळायचं नाही.

"काका, कूलर काढून टाका," मी म्हटलं होतं.

"अन मार्चमध्ये पुन्हा कोण चढवंल? राहू दे वं त्याले."

"मग त्याच्या आसपास एकही दिवा नको."

"नाही लावत," दोघंही म्हणाले होते.

आता मी त्या खोलीचं दार ढकललं तर कूलर पांढराशुभ्र! काकूंच्या भावाची काटोलकडे शेती आहे. त्यानं पाठवलेला कापूस काकूंनी, आमचा वायरमन गेल्यावर, कूलरच्या तोंडावर बर्फासारखा पसरला होता. त्यावर मिरची बल्बची जुनी गणपतीची माळ, आणि पिन थेट कूलरच्या पॉइंटमध्ये. माळेच्या एका जोडाखाली कापूस काळा पडून धुमसत होता. पलीकडे पेपराची कडा करपायला लागली होती. खाली मीराचा पलंग, त्यावर नवी रजई.

मी बटण बंद केलं, पिन उपटली, माळ ओढून फरशीवर टाकली. टेबलावरचा तांब्या कापसावर रिकामा केला आणि तो विझेपर्यंत पाणी ओतत राहिले.

काका धावत आले. "पण एमसीबी काहून नाही पडला?"

एमसीबी म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारं बटण. इथे लोड वाढलाच नव्हता. जोड ढिला होता आणि ढिला जोड नुसता तापतो. कूलर चालवायच्या लाइनवरचं बटण त्या चिमुकल्या माळेसाठी कशाला पडेल?

मला संताप आला होता. "काकू, मी सांगितलं होतं ना!" माझा आवाज चढलाच.

"सांगितलं होतं तू." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "पण खिडकी लय भकास दिसत होती वं. तिले बर्फाची सवय आहे. मले वाटलं, पोरगी खुश होईल..." आणि त्या रजईवर हात ठेवून रडायला लागल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला. मीही त्यांच्याशेजारी बसले.

सकाळी काकांनी स्वतःच कूलरवाल्याला बोलावलं. गवत, पेपर, कापूस पोत्यात भरून गेलं. आम्ही खिडकी घासली, गजांना रंग दिला आणि पातळ सुती पडदा लावला.

"एवढंच?" काकूंनी विचारलं.

"एवढंच."

त्यांचं तोंड उतरलं. मलाही वाटलं, मोठ्या हौशीचं काम आपण अर्धंच करून दिलं.

नाताळ झाल्यावर मी माळा तपासायला गेले. झाडापाशी कोणी नव्हतं. मीरा तिच्या खोलीत सतरंजीवर पालथी पडून संत्री खात होती, आणि दक्षिणेच्या त्या खिडकीतून अंगभर ऊन तिच्यावर पडलं होतं.

"तिथे आता दुपार सरताच अंधार होतो," तिची आई म्हणाली. "ही इथून उठतच नाही. जेवायला ताटही इथेच लागतं."

काकू मला स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेल्या. "हाटेलचं नाव नाही काढलं वं तिनं! म्हणते, आजी, माझी खोली हीच." मग म्हणाल्या, "इतकी वर्षं या घरात राहून राहिली मी. त्या खोलीत एवढं ऊन येते, हे मलेच माहीत नव्हतं."

माळा ठीक होत्या. ॲडॉप्टर गार होता, कारण झाडाचे दिवे कोणी फारसे लावतच नव्हते.

हल्ली डिसेंबरचं काम आलं की काय काय लावायचं, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, पाहुणे कुठून येणार आणि कूलर कधी काढणार?